एकोणीस हंगाम आणि एक फेक

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाँग स्नॅपर नावाचा एक खेळाडू असतो. ओणवे होऊन स्वतःच्याच पायांमधून चेंडू मागे फेकायचा, एवढेच त्याचे काम: फील्ड गोलच्या (चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण मिळवण्याच्या) वेळी सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेल्या होल्डरच्या, म्हणजे किकसाठी चेंडू धरून ठेवणाऱ्याच्या, हातात, आणि पंटच्या (चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्यांकडे मारण्याच्या) वेळी त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. जग उलटे दिसत असताना नेमकी फेक करायची आणि मान वर करेपर्यंत समोरच्या धिप्पाड गड्याची धडक सोसायची. फेक बिनचूक असेल, तर त्याच्याकडे कोणी पाहतही नाही.

ट्रे जंकिन याने हे काम करत १९८३ ते २००१ असे एकोणीस हंगाम काढले. लुईझियाना टेक विद्यापीठातून आलेल्या या खेळाडूला बफेलो बिल्स संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या चौथ्या फेरीत निवडले, तेव्हा तो लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू, होता. पुढे टाइट एंड म्हणून, म्हणजे आक्रमणात पास झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा म्हणूनही खेळला. रेडर्स, सीहॉक्स, कार्डिनल्स असे संघ बदलत गेले, पण नोकरी टिकली ती या फेकीच्या जोरावर, आणि नियमित हंगामांतील सामन्यांची संख्या २८१ वर पोहोचली. आक्रमणाची सूत्रे हाती असणाऱ्या भल्याभल्या क्वार्टरबॅकनाही हा आकडा गाठता आलेला नाही.

निवृत्त झालेल्या जंकिनला न्यूयॉर्क जायंट्सने प्लेऑफसाठी, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीसाठी, ऐन आठवड्यात बोलावून घेतले. ५ जानेवारी २००३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्स ३८-१४ असे पुढे होते. ती आघाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाने धुऊन काढली आणि तो ३९-३८ असा पुढे गेला. सहा सेकंद उरले असताना जिंकण्यासाठी जायंट्सना ४१ यार्डांवरून फील्ड गोल मारायचा होता. त्या सामन्याचे चित्रण मी अनेकदा पाहिले आहे: जंकिनने फेकलेला चेंडू खाली जातो, होल्डर मॅट ॲलन तो कसाबसा उचलतो, किक मारणे अशक्य होते, आणि ॲलन धावत सुटून जिवाच्या आकांताने पुढे पास फेकतो. तो पास झेलू पाहणाऱ्या रिच सूबर्टला प्रतिस्पर्ध्याने खाली ओढले. तो फाऊल पंचांनी दिला नाही. चूक झाल्याचे लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केले, निकाल मात्र कायम राहिला.

चोवीस गुणांची आघाडी घालवणारा बचाव माझ्या मते अधिक दोषी होता. जंकिन मात्र सामन्यानंतर पत्रकारांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळा दोष स्वतःकडे घेतला. त्यानंतर तो व्यावसायिक सामना खेळला नाही.