पिट्सबर्ग: आधी विटांची भिंत, मग पीएनसी पार्क

पायरेट्स या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाचा सामना बघायला आलेले बहुतेक जण थेट त्यांचं मैदान, पीएनसी पार्क गाठतात. मैदान देखणं आहे, वाद नाही. पण 1993 ते 2012 सलग 20 हंगाम जिंकण्यापेक्षा हरलेलेच सामने जास्त, तरी हे गाव संघाला का चिकटून राहिलं, ते कळायला आधी शहरातल्याच ओकलंड भागात जा. डाउनटाउनहून बस भरपूर आहेत.

1970 मध्ये बंद झालेल्या फोर्ब्स फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा आणि ध्वजस्तंभ तिथे अजून आहेत. इथे हमखास घोळ होतो. 1960 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, सातव्या सामन्यात पायरेट्सच्या बिल मॅझरोस्कीने न्यूयॉर्कच्या यँकीजना 10-9 हरवणारा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला, तो या भिंतीवरून गेला असं समजून लोक फोटो काढतात. चेंडू गेला तो डावीकडच्या भिंतीवरून, आणि ती पाडलीय. तिची रेघ फुटपाथवर विटांनी आखलीय. तिच्यावरून चालत गेलं की चेंडू जिथून गेला तिथली पाटी सापडते. होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथली पाटी, जवळच्या पॉस्वार हॉलमध्ये, तळमजल्याच्या फरशीत काचेखाली आहे. इमारत विद्यापीठाची, तेव्हा कामाच्या दिवशी गेलेलं बरं.

दर 13 ऑक्टोबरला चाहते घडीच्या खुर्च्या घेऊन भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओ समालोचन ऐकतात. वेळ अशी साधतात की होम रन बरोबर 3:36 लाच यावा. निकाल 1960 पासून ठाऊक, तरी जल्लोष ताजा! 1985 मध्ये एक चाहता एकटाच टेप घेऊन बसला होता, तिथून हे सुरू झालं. दुपारी एकपर्यंत पोचा, जाकीट असू द्या. मात्र तोवर नियमित हंगाम संपलेला असतो, त्यामुळे हा दिवस आणि घरचा सामना एकाच फेरीत जमत नाहीत.

सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो. गाडी डाउनटाउनला लावा आणि पुलावरून चालत जा. चालायचं नसेल तर ‘टी’ ही लोकल ट्रेन डाउनटाउन ते मैदानाच्या बाजूचं नॉर्थ साइड फुकट आहे. तिकीट तिसऱ्या बेसच्या बाजूचं (होम प्लेटमागून पाहिलं तर डावीकडचं), शक्यतो वरच्या मजल्यावरचं घ्या. नदी, पूल आणि शहर समोर दिसतं. पहिल्या बेसच्या बाजूला बसलात तर हे सगळं पाठीशी जातं. उजवीकडची भिंत 21 फूट आहे, कारण पायरेट्सच्या क्लेमेंटेचा जर्सी क्रमांक 21. नेमके 3000 हिट्स नावावर असलेला हा खेळाडू 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत नेताना विमान अपघातात गेला. त्याला जाऊन पन्नास वर्षं उलटली तरी त्याच्या नावाच्या जर्सी स्टँडभर दिसतात.

लॉरेन्सव्हिलमधल्या जुन्या अग्निशमन केंद्रात क्लेमेंटेचं संग्रहालय आहे. ते मार्गदर्शकासोबतच बघता येतं, म्हणून सामन्याच्या तिकिटाआधी तिथली वेळ ठरवून घ्या.