उठा-उतरा : तीस सेकंदांत लोकल कशी बसवायची

मागच्या नोंदीपर्यंत ‘उठा-उतरा’ या माझ्या लोकलमधल्या अलार्म ॲपचा जिओफेन्स (नकाशावर आखलेलं कुंपण, फोन त्यात शिरला की ॲपला खबर मिळते) नीट चालायला लागला होता. त्यानंतर कोडला फारसा हात लागलेला नाही, सगळा वेळ व्हिडिओने खाल्लाय. बॅकग्राउंड लोकेशन, म्हणजे ॲप बंद असतानाही फोन कुठे आहे ते, मागणारं ॲप प्ले स्टोअरवर चढवायचं तर प्ले कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) एक डिक्लरेशन फॉर्म भरावा लागतो आणि ही परवानगी कशाला लागते ते दाखवणाऱ्या व्हिडिओची लिंक त्यात द्यावी लागते. व्हिडिओ शक्यतो ३० सेकंदांच्या आत असावा, असा गूगलचा सल्ला आहे. यूट्यूबची लिंक त्यांना जास्त पसंत, ड्राइव्हवरची एमपीफोर फाइलही चालते.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रान्सहार्बर लोकल ठाण्यालाच सुटते, त्यामुळे संध्याकाळी जरा आधी पोचलं तर बसायला मिळतं. आणि बसायला मिळालं की आमच्या दादाचा डोळा लागतो. उतरायचं घणसोलीला आणि जाग येते तुर्भ्याला. गाडी पनवेलची असेल तर जुईनगर, नेरूळही पाहून झालंय. उतरायचं स्टेशन जवळ आलं की फोनने जागं करायचं, एवढंच या ॲपचं काम.

यावर जाणकार लगेच विचारतील, आणि गूगलही हेच विचारतं, की यासाठी बॅकग्राउंड परवानगी हवीच कशाला? गाडीत बसल्यावर ॲप उघडून ‘सुरू’ दाबा, फोरग्राउंड सर्व्हिस (वर नोटिफिकेशन दाखवत चालू राहणारं काम) चालू होईल आणि ‘वापरात असताना’वाल्या परवानगीत भागेल. बरोबर आहे. पण ज्याला झोप अनावर झालीय तो ॲप उघडत नाही, आमचा दादा तर नाहीच नाही. म्हणून ॲप ठाणे स्टेशनावर आपणहून जागं होतं. ठरवलेल्या वेळेत तुम्ही स्टेशनच्या जिओफेन्समध्ये शिरलात की अलार्म सज्ज. तिथून पुढे फोरग्राउंड सर्व्हिस ताबा घेते. अँड्रॉइड १२ पासून बॅकग्राउंडमधून अशी सर्व्हिस सुरू करायला बंदी आहे, पण जिओफेन्सच्या घटनेला त्यातून सूट आहे. लोकेशनची सर्व्हिस असेल तर मात्र हातात बॅकग्राउंड परवानगी असावी लागते. नुसत्या जिओफेन्सवर गाडीतला अलार्म सोपवण्यात अर्थ नव्हता, कारण बॅकग्राउंडमध्ये त्याची खबर यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात, आणि तेवढ्यात गाडी रबाळे सोडून घणसोलीत उभी असते.

तर व्हिडिओत दाखवायचं ते हे, की ॲप बंद आहे, कुणी त्याला हात लावलेला नाही, आणि तरी ते काम करतंय. जाहिरातीच्या व्हिडिओत स्क्रीनवर सतत काहीतरी हलतं ठेवतात, इथे बरोबर उलटं. पहिला कच्चा तुकडा भाच्याला दाखवला तर म्हणाला, “आत्या, यात काहीच होत नाहीये.” म्हटलं, “तेच तर दाखवायचंय.” “मग निदान काय होत नाहीये ते तरी लिही!” पोरगं दहावीत आहे, पण बोलला ते शंभर टक्के पटलं. तेव्हापासून प्रत्येक टप्प्याला बाजूला एका ओळीची पाटी आहे : ‘ॲप बंद केलं’, ‘ठाणे स्टेशनात शिरलो’, ‘अलार्म आपोआप सज्ज’. पाट्या इंग्रजीत ठेवल्यात. तपासणारा माणूस कुठे बसलाय कुणास ठाऊक, त्याला ठाणे-वाशी माहीत असण्याचं कारण नाही. त्याच कारणाने ॲपही व्हिडिओपुरतं इंग्रजीत चालवलं. अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे फोन मराठीतच राहिला.

तीस सेकंदांतला सगळ्यात महाग भाग म्हणजे खुलाशाचा पडदा, ज्याला धोरणात ‘प्रॉमिनंट डिस्क्लोजर’ म्हणतात. हा ॲपच्या आतच दिसला पाहिजे; प्रायव्हसी पॉलिसीच्या कोपऱ्यात लिहून चालत नाही. त्यात ‘लोकेशन’ हा शब्द हवा, ॲप बंद असतानाही ते घेतलं जातं हे हवं, आणि कशासाठी घेतो तेही हवं. माझा मजकूर असा : ‘स्टेशन आल्यावर अलार्म देता यावा म्हणून हे ॲप बंद असताना किंवा वापरात नसतानाही तुमचं लोकेशन घेतं.’ खाली दोन बटणं, ‘मान्य’ आणि ‘आत्ता नको’. हा पडदा सिस्टीमच्या परवानगीच्या लगेच आधी यायला हवा. मागे जाण्याचं बटण दाबून निसटलं तर ती संमती धरायची नाही, म्हणून तसं केल्यावर ॲप परवानगी मागतच नाही. व्हिडिओत हा पडदा पूर्ण वाचून होईपर्यंत स्थिर ठेवलाय. भराभर पुढे सरकायचा मोह होतो, पण वाचता आला नाही तर तो असून नसल्यासारखाच.

पुढचा भाग परवानगीचा. अँड्रॉइड ११ पासून साधं आणि बॅकग्राउंड लोकेशन एकदम मागता येत नाही, तसं केलं तर सिस्टीम मागणीकडे दुर्लक्ष करते. आधी ‘वापरात असताना’ची चौकट, मग वेगळी विनंती, ती थेट सेटिंग्जच्या पानावर नेते आणि ‘अलाउ ऑल द टाइम’ तिथे स्वतः निवडावं लागतं. दोन्ही पडदे व्हिडिओत आहेत. टेक पुन्हा घ्यायचा असेल तर ॲपचा डेटा साफ करूनच सुरुवात करायची. परवानगी एकदा दिलेली असली की चौकट येत नाही, आणि दोनदा नाकारली तरी येत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो टॅप्स’ चालू केलं की बोट कुठे पडलं ते ठिपक्याने दिसतं. हे जरूर करा, नाहीतर पडदे जादूने बदलल्यासारखे वाटतात.

एक गोष्ट मात्र मुद्दाम टाळली. स्टोअरसाठी स्क्रीनशॉट काढताना आपण बहुतेक जण सिस्टीम यूआयचा डेमो मोड लावतो : घड्याळ एका वेळेवर गोठलेलं, बॅटरी फुल, वरची पट्टी चकाचक. इथे ते नको. ठाणे ते घणसोली प्रवास तीस सेकंदांत मावत नाही, मध्ये कापावं लागणारच. कापल्यावर वरच्या पट्टीतलं खरं घड्याळ पुढे सरकलेलं दिसलं, की पाहणाऱ्याला कळतं की इथे वेळ गेला, बाकी काही लपवलेलं नाही. बॅटरीही दोन-तीन टक्के उतरलेली दिसते. दिसू दे.

एम्युलेटरवर (लॅपटॉपवरचा नकली फोन) जीपीएक्स फाइल, म्हणजे नोंदवलेला मार्ग, टाकून गाडी ‘चालवता’ येते, टेस्टिंगला मी तेच करते. त्यातून सुबक व्हिडिओही निघाला असता. पण एम्युलेटरवर फोन खिशात जात नाही आणि डब्यातल्या लोखंडाने जीपीएसची वाट लागत नाही. शेवटी खऱ्या गाडीत बसले. रविवार सोडला, मेगाब्लॉकच्या भरवशावर शूटिंग ठेवण्यात शहाणपण नाही. दुपारची वाशी लोकल धरली, खिडकी मिळाली. स्टेशनात शिरण्याआधीच फोनमधला रेकॉर्डर चालू केला होता, ॲप रिसेंट्समधून (नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून) सरकवून काढलं होतं आणि होम स्क्रीन तशीच ठेवून दिली होती. एडीबीच्या (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) स्क्रीनरेकॉर्डला एरवी तीन मिनिटांची मर्यादा असते आणि लॅपटॉपही लागतो, म्हणून तो बाद. स्क्रीन लॉक केली की माझ्या फोनवर रेकॉर्डिंग थांबतं, त्यामुळे ती उघडी ठेवावी लागली. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं होतं, फक्त अलार्मला मोकळीक. नाहीतर फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभात आणि बँकेचे मेसेज तपासणाऱ्याच्या डोळ्यासमोर नाचले असते.

दिघा गाव गेलं, ऐरोलीला माइंडस्पेस ऑफिस पार्कची गर्दी चढली. समोरच्या काकू बराच वेळ माझ्या फोनकडे पाहत होत्या. न राहवून म्हणाल्या, “अहो, तुमचा फोन हँग झालाय का?” रिकामी होम स्क्रीन समोर धरून बसलेली बाई, काय सांगणार! रबाळे सुटलं आणि फोन दणदणला. काकू दचकल्या, मग हसल्या आणि ॲपचं नाव विचारून घेतलं. मुलगा कोपरखैरण्याला उतरतो म्हणे, तोही झोपाळू.

घरी आल्यावर केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरमध्ये जोडणी. उभा छोटा व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्समध्ये ढकलतं आणि पाहताना तो गोल गोल फिरत राहतो. म्हणून आडवी सोळा-नऊची चौकट घेतली, डावीकडे फोनची स्क्रीन, उजवीकडे पाट्या. आवाज ठेवलाय, पण त्यावर काही अवलंबून नाही. अलार्म वाजतोय हे पाटीवरही आहे. लिंक ‘अनलिस्टेड’, म्हणजे जिच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल अशी. ‘प्रायव्हेट’ ठेवली तर तपासणाऱ्याला उघडणारच नाही.

फॉर्म गेलाय, उत्तराची वाट पाहतेय. दरम्यान दुसरा फॉर्म पुढ्यात आहे. ॲप अँड्रॉइड १४ साठी बनवलं (टार्गेट केलं) की फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रत्येक प्रकार वेगळा जाहीर करावा लागतो आणि त्यालाही व्हिडिओ लागतो. त्यात रोख वेगळा : सर्व्हिस कशाने सुरू होते आणि चालू असताना वरची नोटिफिकेशन दिसते का. गाडीतलं पूर्ण रेकॉर्डिंग राखून ठेवलंय, त्यातूनच दुसरा तुकडा कापेन. नोटिफिकेशनमध्ये ‘थांबवा’ बटण आहे, तेही दाबून दाखवायचंय. तेवढ्यासाठी एक फेरी पडेल. या वेळी दादालाच पाठवणार आहे, संध्याकाळच्या गाडीने. झोपलाच तर टेस्टिंगही होऊन जाईल.

क्लोज्ड टेस्टिंगची, म्हणजे ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी निवडक लोकांकडून करून घ्यायच्या चाचणीची, यादी अजून भरायची आहे. नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. घरचे आणि सोसायटीतले धरूनही ट्रान्सहार्बरवाले कमी पडतायत, त्यातही तुर्भ्याहून जुईनगरच्या बाजूला वळणारे तर जवळपास नाहीतच. तो फाटा अजून नीट तपासलेला नाही. वाशीची समजून पनवेल गाडीत बसलेल्याला सानपाड्याचा अलार्म कधीच वाजणार नाही, आणि तिथे ॲपने काय करावं यावर माझं अजून ठरत नाहीये. सध्या तुर्भे सुटल्यावर सानपाड्यापासूनचं अंतर वाढायला लागलं की ‘गाडी चुकली वाटतं’ असा वेगळा आवाज देऊन पाहतेय.