आमची वाटचाल : फुलं नसताना गुलाब विकणारी नर्सरी

नर्सरी सुरू केली तेव्हाच मी आणि बायकोने ठरवलं होतं की गुलाबाची मुख्य विक्री शरद ते हिवाळा याच काळात करायची. घरचे म्हणाले वेड लागलंय का, लोक फूल बघून रोप घेतात, तुमच्या काड्या कोण घेणार. आणि खरंच पहिल्या सीझनला लोक यायचे, उघड्या मुळांची, म्हणजे कुंडी-माती नसलेली, बिनपानांची रोपं बघायचे आणि विचारायचे, "हे जिवंत आहे ना?"

पण आमचं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. शरदात हवा थंड व्हायला लागते पण जमीन अजून कोमट असते, त्यामुळे वर रोप शांत आणि खाली मुळं मात्र कामाला लागलेली, मग वसंतात पालवी फुटते तेव्हा तिला पाणी पुरवणारी मुळं आधीच तयार असतात. फुलांनी लगडलेलं रोप भर उन्हाळ्यात लावलं तर फुलं, पानं, ऊन सगळं एकदम सांभाळायचं, ते बिचारं महिनाभर नुसतं तग धरून राहतं. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला उभं राहून समजावण्यात आमची सुरवातीची वर्षं गेली आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

रोपं आम्ही स्वतः तयार करतो, बाहेरून आणून विकत नाही. रानटी गुलाबाचा खुंट, म्हणजे खालची मुळं देणारं रोप, लावायचा आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब, भरायचा. डोळे भरायचं काम आमच्या एका मावशींकडे आहे आणि त्यांचा हात बघत रहावा असा आहे. खुंटाच्या बुडाशी माती बाजूला करून फडक्याने पुसायचं, इंग्रजी टी सारखी चीर द्यायची, साल चाकूच्या मागच्या टोकाने हलकेच उचलायची, ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची, पण डोळा उघडा ठेवून. तीनेक आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला की धरला, काळा पडला की गेला. साल सुटत नसेल तर मावशी त्या दिवशी कामच करत नाहीत, ऑर्डर कितीही असू दे.

जाती आम्ही मुद्दाम कमी ठेवल्यात. पीस 1945 पासून बाजारात आहे, आइसबर्ग 1958 पासून, इतकी वर्षं लोकांनी लावली म्हणजे काहीतरी दम आहे ना. पण पीसला काळे ठिपके लवकर धरतात हे आम्ही लेबलवरच लिहितो, लपवत नाही.

हळूहळू लोक म्हणायला लागले, रोप देता तर लावून पण द्या, आणि तिथून लागवडीचं काम सुरू झालं. आता अर्धा धंदा त्याच्यावरच आहे. जागेवर गेलो की आधी ऊन बघतो, निदान 6 तास तरी हवं, आणि मग खड्ड्यात पाणी ओतून निचरा बघतो. आधी तिथे बरीच वर्षं गुलाब होता का हे तर विचारतोच, कारण जुन्या गुलाबाच्या जागी नवा लावला की तो खुरटतो, एकतर जागा बदला नाहीतर खड्ड्याची माती पूर्ण बदला. हे ऐकून काही जण नाराज होतात पण आम्ही तसं लावून देत नाही.

उघड्या मुळांचं रोप लावायच्या आधी दोनेक तास पाण्यात बुडवून ठेवतो, मुळं सुकली तर पुढचं सगळं फुकट. खड्डा साधारण 45 सेंटिमीटर, मातीत कुजलेलं शेणखत मिसळलेलं, ताजं कधीच नाही. मधे मातीचा छोटा ढीग करून त्यावर मुळं पसरायची, कोंबून गोल वळवायची नाहीत. कलमाचा जोड, म्हणजे खुंटावर डोळा भरलेली जागा, कुठे ठेवायचा हे थंडीवर ठरतं, जमीन गोठते तिथे जोड मातीखाली 5 सेंटिमीटर, उबदार हवेत मातीच्या वर. मग पायाने माती दाबून भरपूर पाणी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेला असेल तर लागवड पुढे ढकलतो. रासायनिक खत हिवाळ्यात नाही, कोवळी फूट येते आणि थंडीत करपते.

छाटणीची घाई पण करू देत नाही. शरदात फक्त वाऱ्याने हलतील त्या लांब फांद्या आखूड करायच्या आणि ठिपक्यांची पडलेली पानं गोळा करून बागेबाहेर टाकायची, कारण रोग त्याच पानांत हिवाळा काढतो. मोठी छाटणी कडक थंडी सरताना, सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार लावून, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या थोडं वर. जोडाच्या खालून फूट आली तर ती खुंटाची, कापायची नाही, माती उकरून मुळाशी धरून ओढून काढायची.

यंदा वेली गुलाबाच्या काड्या थेट लावल्यात, खुंटाशिवाय. पेन्सिलीएवढ्या जाड, 25 सेंटिमीटर लांब, दोन तृतीयांश मातीत. विक्रीलायक व्हायला वर्ष तरी जाईल, पण खुंटाच्या फुटव्यांचा त्रास राहणार नाही, म्हणून मला यात फार रस आहे. त्यांचं बुकिंग अजून घेत नाही. कलमी रोपांचं मात्र पानगळीच्या आधीच घेतो, म्हणजे ज्याची त्याची रोपं लावायच्या दिवशीच उपटता येतात.