शंभर डॉलरचे आमदार

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याच्या आमदाराला १०० डॉलर पगार मिळतो. महिन्याला नव्हे, वर्षाला. दोन वर्षांच्या मुदतीचे मिळून २००, आणि हा आकडा १८८९ साली राज्यघटनेत घातला तो आजतागायत हललेला नाही. वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं हवीत, वर जनतेची दोन-तृतीयांश. आमदारांचा पगार वाढवायला जनता हात वर करतेय होय!

मी याच राज्यात, नॅशुआला राहते. हे मिरजेला फोनवर सांगितलं तर बाबा पहिलं काय म्हणाले? "मग खातात किती?" म्हटलं, बाबा, खायला काही ठेवलंय कुठे? ऑफिस नाही, पीए नाही, आमदार निधी नाही. राजधानीला, कॉन्कॉर्डला जायचा गाडीखर्च तेवढा मैलाच्या हिशेबाने मिळतो. राज्याची वस्ती चौदा लाखांच्या आसपास आणि खालच्या सभागृहात ४०० आमदार, म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक. २०११ च्या जनगणनेवर हाच हिशेब लावला तर महाराष्ट्राला २८८ च्या जागी बत्तीसेक हजार आमदार लागतील. बाबा जरा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "एवढ्या गाड्यांना पार्किंग कुठलं?"

त्या चारशेंतले एक आमच्या बॉयलरवाल्यांच्या रूपात घरी येतात. शेजारच्या गावचे आहेत, साठीच्या पुढचे. इथली पुष्कळ घरं अजून तेलावर तापतात, आणि ते बॉयलर बसवणं-दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. एक व्हॅन, हाताखाली दोन मेकॅनिक, फोन आणि बिलं बायकोकडे. एकदा आमच्या तळघरात ते नोझल बदलत होते आणि फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवलेला. पलीकडून कुणी आजी घरपट्टीवरून तावातावाने बोलत होत्या. आमदारांचे नंबर सरकारी वेबसाइटवरच असतात, त्यामुळे मधे अडवायला कुणी नाही. हे एका हातात काजळी लागलेलं जुनं नोझल धरून शांतपणे सांगत होते, की बाई, राज्यात सेल्स टॅक्स नाही, पगारावर आयकर नाही, मग शाळेचा खर्च गाव तुमच्या घरावरच काढणार. आजींचं समाधान झालं नाही. माझा बॉयलर मात्र चालू झाला.

खरी गोची वेळापत्रकाची आहे. अधिवेशन जानेवारी ते जून, आणि बॉयलर बंद पडतात जानेवारी-फेब्रुवारीत. बाहेर उणे वीस, घरात तान्हं मूल, आणि मालक पस्तीसेक मैलांवर सभागृहात हात वर करून बसलेले! एका अपार्टमेंटवाल्याचं वर्षानुवर्षांचं काम याच पायी गेलं, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं. आमच्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यावर दुसऱ्याला बसवून लग्नालासुद्धा ते धड जेवून येत नाहीत. त्यामुळे ही बाई काय म्हणत होती ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

इथे लोक अभिमानाने सांगतात, की आमचे आमदार धंदेवाईक राजकारणी नाहीत, साधे नागरिक आहेत. अर्धं खरं आहे ते. पण १०० डॉलरवर सभागृहात बसणं परवडतं कुणाला? निवृत्तांना, घरचं बरं असलेल्यांना, किंवा ज्यांची बायको धंदा ओढते त्यांना. माझ्यासारख्या नोकरदार बाईला इतक्या वेळा सुट्टी कोण देईल? धंदेवाले येतात, पण बरेच जण एकदोन खेपांत थांबतात.

तरी एकदा जाऊन बघावं असं आहे. इथे प्रत्येक विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, मग ते कितीही चक्रम असो. गुलाबी कार्ड भरून द्यायचं, नाव पुकारलं की बोलायचं. मी गेले तेव्हा मेकॅनिकच्या परवान्यांचा विषय होता. आमचे बॉयलरवाले त्या समितीत. त्यांनी आधीच सांगून टाकलं की हा माझ्या धंद्याचा विषय आहे. मग बाकीचे दर्जा, सुरक्षितता, धोरण असं बोलत असताना यांनी विचारलं, "परीक्षा कुठल्या गावी होणार? कुठल्या वारी? त्या दिवशीची पोराची मजुरी कोण देणार?" समोरच्या अधिकाऱ्याला वार माहीत नव्हता.

हितसंबंध जाहीर केला, फॉर्म भरला की त्याच विषयावर मतही देता यायचं, हे मात्र मला अजून पचलेलं नाही. आपल्याकडे आमदाराच्या नावावर सरकारी ठेका चालू असला तर आमदारकी जाऊ शकते. म्हणून तर ठेके मेव्हण्याच्या नावावर असतात, हा भाग वेगळा.

इथे उमेदवारी अर्ज जूनमध्ये भरायचा असतो. २०२४ ला त्याची फी २ डॉलर होती. आपल्या विधानसभेला अनामतच दहा हजार रुपये. दोन डॉलरसाठी काय विचारायचं, म्हणून गेल्या खेपेला आमच्या बॉयलरवाल्यांनी बायकोला न सांगताच अर्ज भरून टाकला होता. या खेपेला तिने आधीच बजावलंय: तिसरा मेकॅनिक शोध, मग अर्जाचं बोल. तो काही मिळत नाहीये. तरुण पोरं तळघरात काजळी खायला तयार नाहीत, आणि जी तयार आहेत त्यांना मोठ्या कंपन्या उचलतात. परवा आले तेव्हा मलाच विचारत होते, तुझ्या ओळखीत कुणी आहे का गं?