तो निळा शर्ट

सप्टेंबर २००८. मी एका दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळीला होतो. एजन्सीचा फोटो आला: म्यानमारच्या (जुन्या बर्माच्या) यांगूनमध्ये तुरुंगातून सुटलेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, पांढरे केस, मोठा चष्मा आणि अंगात कैद्यांचा निळा शर्ट. आतल्या पानावर एक कॉलम बातमी मीच लावली. त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा द्यायला हवी होती, हे मला आजही टोचतं.

त्यांचं नाव ऊ विन टिन. बर्मी लोकांचा 'ऊ' म्हणजे जवळपास आपला 'राव'.

मुळात ते आमच्याच धंद्यातले. मंडालेच्या 'हंथावडी' दैनिकाचे संपादक. १९७८ मध्ये एका वाचनमंडळात सरकारला झोंबणारा निबंध वाचला गेला, तेवढ्यावरून लष्करशहा ने विनच्या राजवटीने त्यांची खुर्ची काढून घेतली आणि पेपरही बंद केला. १९८८ च्या लष्करी राजवटीविरुद्धच्या उठावानंतर लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची आणि इतरांसोबत त्यांनी 'नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी' उभी केली, पक्षाचे सचिव झाले. जुलै १९८९ मध्ये पकडले गेले. १९९० ची निवडणूक त्यांच्या पक्षाने ३९२ जागा मिळवून जिंकली, तेव्हा ते आतच होते. लष्कराने सत्ता सोडलीच नाही.

पहिली शिक्षा तीन वर्षांची होती, मग ती वाढतच गेली. यांगूनच्या इन्सेन तुरुंगातल्या हालांची हकिकत संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचवण्याच्या खटपटीबद्दल १९९६ मध्ये आणखी सात वर्षं. त्या सुमारास त्यांना लष्करी कुत्र्यांसाठी बांधलेल्या कोठडीत टाकलं होतं. मारहाणीत दात गेले, कवळीसाठी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. कागद-पेन मिळत नव्हतं, तेव्हा विटेची पूड कालवून त्यांनी शाई केली आणि कोठडीच्या भिंतीवर कविता लिहिल्या. ही पूड माझ्या डोक्यातून जात नाही. आयुष्यभर छापखान्याच्या शाईत वावरलेला माणूस शेवटी भिंतच खरवडतो.

राजकारण सोडतो असं लिहून दिलं असतं तर ते कधीच सुटले असते. विचारणाही झाली होती. त्यांनी सही केली नाही.

सुटल्यावर त्यांनी जाहीर केलं, शेवटचा राजकीय कैदी बाहेर येईपर्यंत निळाच शर्ट घालणार. आणि घातला. मुलाखतीला, सभेला, पक्षाच्या कार्यालयात, सगळीकडे निळाच.

सू चींवर त्यांचा जीव होता, पण भीड नव्हती. २०१२ मध्ये त्या संसदेत गेल्या, लष्कराशी जुळवून घेऊ लागल्या, तेव्हा ते म्हणाले होते की आमच्यापैकी काहींना लष्कर बंगालच्या उपसागरात ढकलायचंय, सू चींना मात्र ते फक्त कांडोजीत ढकलायचंय. कांडोजी म्हणजे यांगून शहरातलं तळं. पक्षातल्या सगळ्यांत मोठ्या नेत्याबद्दल असं उघड बोलायला काय लागतं, ते पक्ष जवळून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. मला वाटतं, सही नाकारणारा तो हात आणि हे बोलणारं तोंड एकाच मातीचं होतं.

२१ एप्रिल २०१४ रोजी यांगूनच्या रुग्णालयात ते गेले, वय ८४. राजकीय कैदी तेव्हाही आत होतेच. अंत्ययात्रेला आलेल्या कितीतरी लोकांच्या अंगात निळे शर्ट होते.