आधी धंदा, मग नाव

आमच्या गल्लीचं मंडळ कागदोपत्री गणेश मंडळ, पण त्याचं खरं संमेलन भरतं वैशाखात. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा असते, शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. मधल्या दिवसांत बोरी नदीच्या कोरड्या पात्रात पाळणे, माठ, गोडशेव-रेवडीची दुकानं लागतात आणि गल्लीतली कुलूपबंद घरंसुद्धा उघडतात. सुरतेच्या कापड मार्केटातले, नाशिक-पुण्याच्या नोकरीतले, सगळे बॅगा घेऊन हजर. द्वादशीच्या रात्री रथाचं जागरण अजून डोळ्यांवर असताना गल्लीच्या तोंडाशी सतरंज्या पडतात. एकादशीचा उपास बट्टीवर सोडायचा, असा आमचा शिरस्ता आहे. वाफवून कापलेल्या बट्ट्या कढईत पडल्या की पोरं सतरंजीवर बसायला तयार होत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोठेही होत नाहीत.

पण जेवणाच्या आधी एक कार्यक्रम ठरलेला. वर्षभरात गल्लीतून गेलेल्यांची नावं वाचायची आणि दोन मिनिटं उभं राहायचं.

पूर्वी हे काम कुणीतरी तोंडीच उरकायचं. मग एका वर्षी नवा, हौशी सेक्रेटरी आला. त्याने घरोघरी फिरून, आधार कार्डं बघून, वडिलांच्या नावासकट पूर्ण नावं लिहून आणली आणि माईकवर खणखणीत वाचली. चार नावं झाली. सतरंजीवर कुणी हललं नाही. मागून एक म्हातारी शेजारणीला विचारते, "हाऊ कोन शे वं?" शेजारणीलाही माहीत नाही. शेवटी पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, कल्हईवाले बाबा!" तेव्हा कुठे गल्लीभर हुंकार उठला. ज्या माणसाने आमच्या प्रत्येकाच्या घरची भांडी लख्ख केली, त्याचं नाव आम्ही तो गेल्यावर, आणि तेही माईकवरून, पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षीपासून वाचायची पद्धत बदलली. आधी धंदा, मग नाव.

कल्हईवाले बाबा पिंपळाच्या पाराखाली बसत. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. भाता ओढायला मिळावा म्हणून आम्ही पोरं रांग लावायचो. पितळी पातेलं तापून मंद वास सुटला की बाबा चिमटभर नवसागर टाकायचे. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झोंबायचा आणि आम्ही आनंदाने खोकायचो. मग कथलाची कांडी पातेल्याला नुसती टेकवायची. थेंब वितळून पाऱ्यासारखा धावायला लागायचा आणि बाबा कापसाच्या बोळ्याने तो गरागरा फिरवायचे. काळपट पातेल्यात बघता बघता चांदणं पसरायचं. लगेच पाण्याच्या बादलीत चुर्रर. एवढ्याचे पैसे मागताना मात्र ते कायम संकोचायचे, आणि आमच्या आया त्या संकोचाचा पुरेपूर फायदा घ्यायच्या. पुढे घरोघर स्टील आलं. शेवटची काही वर्षं बाबा पाराखाली नुसतेच बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "बठेल शे भो, सवयनं."

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला छापखाना होता. छापखानेवाले आप्पा ट्रेडल मशीनवर पायाने ठेका धरत मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं आणि संमेलनाची पत्रिका फुकट छापून द्यायचे. फुकट असल्यामुळे मुद्रितं तपासायचा हक्क आम्हाला नव्हता. शिशाचे खिळे त्यांनी सेकंडहँड आणले होते आणि त्यात 'ळ' फार थोडे. एरवी निभायचं, पण आमची पत्रिका म्हणजे नुसता ळकार. अमळनेर आलं, मंडळ आलं, वेळ आली, स्थळ आलं, 'सकाळी' आणि 'संध्याकाळी' आलं. एका वर्षी अर्ध्या पत्रिकेतच खिळे संपले आणि आप्पांनी बेधडक पुढच्या अर्ध्यात 'ल' बसवला. वर मंडळ, खाली मंडल. 'सर्व बालगोपाल वेलेवर यावेत.' ती पत्रिका मी जपून ठेवली आहे. ऑफसेटच्या गुळगुळीत पत्रिका पुढे कितीतरी आल्या, त्यातली एकही माझ्याकडे नाही.

त्या काळी गल्ली मिलच्या भोंग्यावर चालायची. प्रताप शेठजींची मिल, प्रताप हायस्कूल, प्रताप कॉलेज; अमळनेरात जन्मलेल्या माणसाला 'प्रताप' हे विशेषनाम आहे हे जरा उशिराच कळतं. भोंगा झाला की डबेवाली पोरं पळायची, आजीचा चहा चुलीवर चढायचा. घड्याळ दोन-तीन घरांतच होतं आणि तेही भोंग्यावर लावलेलं. भोंगा थांबल्यावर आमच्या आजीची दुपार कायमची पुढेमागे झाली.

गावातला दुसरा कारखाना म्हणजे 1945 साली निघालेली वनस्पती तुपाची कंपनी, पुढे जिची विप्रो झाली. 'सनफ्लॉवर' तुपाचे रिकामे डबे गल्लीत धान्याला, तुळशीला आणि गणपतीच्या दिवसांत ढोल म्हणून चालायचे. कंपनीचे शेअर गावात बऱ्याच जणांनी घेतले होते. ज्यांनी ते नुसते ठेवून दिले त्यांचं भाग्य उजळलं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या शिंपीकाकांनी थोरलीच्या लग्नात विकून टाकले, हे फक्त गल्लीला ठाऊक. दर संमेलनाला एखादा पोरगा मोबाईल काढून आज त्यांची किंमत किती झाली असती याचा हिशोब करायचा. काका शांतपणे विचारायचे, "शून्यं किती आली? तेवढी बटणं लावून देतो तुझ्या शर्टाला." शिंपीकाका गेले त्या वर्षी कुणी मोबाईल काढला नाही.

नावं वाचून झाली की जुने मास्तर बोलायला उठत. त्यांचं भाषण ठरलेलं. साने गुरुजी 1924 ते 1930 इथे शिक्षक होते, वसतिगृह सांभाळता सांभाळता रोज हातांनी लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे, "आणि तुम्हा लोकांकडून वर्षातून एक भिंतीपत्रक निघत नाही!" आम्ही माना खाली घालायचो, पुढच्या वर्षी नक्की म्हणायचो. भिंतीपत्रक कधीच निघालं नाही. मास्तरांचं नाव वाचायची पाळी आली त्या वर्षी मात्र पोरांनी एक तक्ता रंगवून लावला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मास्तरांनी लाल पेन काढलं असतं.

सायकल तासावर देणारे नाना, गादीचा कापूस पिंजताना धनुष्याचा तुंई-तुंई आवाज काढणारे पिंजारी चाचा, रसवंतीवाल्या जिजी, यांच्यावर लिहायचं तर वेगळं बसावं लागेल. नानांकडे माझ्या एका तासाच्या सायकलची उधारी राहिली आहे, एवढं इथे कबूल करून ठेवतो.

आमच्या घरची ओळख मात्र धंद्याची नव्हती, असं मी समजत होतो. वडील शाळेत कारकून. घरात पितळी शेवयांची मशीन होती, एवढंच. पाडव्यानंतर ऊन तापलं की ती बाहेर निघायची आणि मृग लागेपर्यंत घरी परतायची नाही. आज या ओट्यावर, उद्या त्या. एकजण दांडा फिरवायचा, दुसरी खालून शेवया अलगद झेलून खाटेवर अंथरलेल्या धोतरावर सोडायची. आई भाडं घ्यायची नाही. मशीन परत येताना सोबत वाटीभर शेवया यायच्या आणि आई आधी मशीनची जाळी उजेडात धरून भोकं तपासायची, मग वाटीकडे बघायची. मैद्याचा कण अडकलेला दिसला तर त्या घराचं नाव वर्षभर लक्षात ठेवायची.

यंदा द्वादशीला सेक्रेटरीने कागद उघडला. दुसऱ्या नंबरला म्हणाला, "शेवयांच्या मशीनवाल्या माई." मग त्याने नाव वाचलं. ते नाव मला अर्थातच माहीत होतं, तरी ते ऐकू आलंच नाही, कारण सतरंजीवर आधीच बायकांचा आवाज उठला होता.

दोन मिनिटं उभे राहिलो. बसताना शेजारच्या वहिनी मागून वाकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, मशीन कुठे आहे आता?"

"माळ्यावर."

"जाळी शाबूत आहे ना? मग उद्या सकाळी पाठवा. मी रवा भिजवून ठेवते."