लिलावातलं भांडं: बोलीआधीची तपासणी

कंडिशन रिपोर्टमध्ये (लिलावघराच्या वस्तूच्या स्थितीवरच्या अहवालात) तड्याचा उल्लेख नाही म्हणजे तडा नाहीच, असं धरू नये. प्रिव्ह्यूला, म्हणजे लिलावाआधीच्या प्रदर्शनाला, जाऊन भांडं हातात घ्यावं. तळहातावर पेलून काठावर नखाने हलकी टिचकी मारा: धड पोर्सिलेन खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. जाड स्टुडिओ स्टोनवेअर (कारागिराने घडवलेलं, कडक भाजलेलं मातीचं भांडं) मुळातच कमी वाजतं, तिथे ही परीक्षा फारशी कामाची नाही.

मग ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च. रंगवून लपवलेली जुनी दुरुस्ती बऱ्याचदा वेगळी चमकते. दुरुस्तीतली काही नवी रेझिनं (कृत्रिम राळ) टॉर्चलाही चकवतात, म्हणून काठ आणि कानाचे जोड बोटाने चाचपावेत. दुरुस्ती ग्लेझइतकी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराइतकी, थंडगार लागत नाही.

तळावरच्या शिक्क्यावर भिस्त नको. चीनच्या कांगशी सम्राटाच्या राजवटीचा (१६६२–१७२२) शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या ढीगभर निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर सापडतो. त्यापेक्षा तळाची कड बघा. खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे असतात. सगळे एकाच दिशेने असतील तर सँडपेपर आठवावा.

बोलीची मर्यादा प्रीमियम (लिलावघर बोलीच्या रकमेवर वरून घेतं ते शुल्क) धरूनच ठरवा. खिशात १,००० आणि प्रीमियम २५ टक्के असेल, तर ८०० ला हात खाली. कर, पॅकिंग, वाहतूक लागणार असेल तर त्याही आधी.